न काढलेला खड्डा

मंगळवार, १९ ऑगस्ट
सकाळपासून झड. कराडहून गाडी चाळीस मिनिटं उशिरा निघाली. ऑफिसात पोचेपर्यंत साहेबांनी हजेरीवर लाल खूण करून ठेवलेली.

दुपारी आंबेखोरीच्या मुलींच्या वसतिगृहातून फोन. कमलताई, तिथल्या रेक्टर. म्हणाल्या, "तक्रार न्हाई मॅडम, पण कानावर घालून ठेवते. पाण्याच्या कूलरला हात लावला की मुंग्या येतात. पोरींनी त्याचा खेळ केलाय. हातात हात धरून रांग करतात. पहिली नळाला हात लावते आणि शेवटची किंचाळते."
"शेवटची कुठं उभी असते?"
"मोरीपाशी. अनवाणी."

त्या हसत होत्या. मीही थोडं हसले. 

एकेचाळीस मुली, पाचवी ते दहावी. जुन्या इमारतीचे पत्रे गळत होते म्हणून १५ ऑगस्टला घाईनं नव्या इमारतीत आणल्या. वीज निरीक्षक म्हणून तपासणीची सही माझी. कूलरची वायर काढून ठेवा असं सांगितलं. "मग पोरी गार पाणी कुठलं पिणार?" म्हटलं, माठातलं.

बुधवार, २० ऑगस्ट
आंबेखोरीला जायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, शुक्रवारी जा, उद्या आढावा बैठक आहे.

फाइल काढून बघितली. ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. खाली ठेकेदार म्हणून रज्जाकचाचांची सही, हल्ली थरथरते तशी. वर दोन रकाने. 'अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) पूर्ण केल्याची तारीख': २९ जुलै. 'माप': २.१ ओहम.
दोन्ही माझ्या अक्षरात.

हे लिहितानाही पेन जड होतंय. पण निदान इथं तरी लिहायला हवं. रिपोर्ट आला तेव्हा ते दोन रकाने कोरे होते. वीस वर्षांत चाचांचा एकही रकाना कोरा आलेला नाही. मला वाटलं, मोतीबिंदू. बिचाऱ्यांना दिसलं नसेल. परत पाठवला असता तर ऑफिसात सगळ्यांना कळलं असतं की म्हाताऱ्याला आता फॉर्म भरता येत नाही, आणि पुढच्या वेळी लायसन्सचा प्रश्न निघाला असता. दोन दिवस आधी त्यांचा फोन येऊन गेला होता, खड्ड्याचं चाललंय म्हणून. तीच तारीख टाकली. त्या बाजूच्या जमिनीत चाचांचं माप नेहमी दोनच्या आसपास येतं. २.१ लिहिलं.
अगदी मायेनं लिहिलं. हेच सारखं टोचतंय.

आणि तपासणीच्या दिवशी मी स्वतः का नाही मोजलं? त्याबद्दल उद्या.

गुरुवार, २१ ऑगस्ट
बैठक. चार तास. एक शब्द डोक्यात गेला नाही.

३१ जुलैची तपासणी. पाऊस. वायरिंग बघितलं, मेगर लावून वायरींची गळती तपासली, बोर्ड उघडून बघितले, सगळं नेटकं. शेवटी मागच्या अंगाला अर्थिंगचं चेंबर तेवढं राहिलं. तेवढ्यात संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम पहिल्यांदाच आल्यात आमच्याकडं, रिकाम्या हातानं कशा जातील?" कमलताई आणि स्वयंपाकाच्या शेवंताआक्का ताट घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ. ओटी भरली. पदरात नारळ-तांदूळ, खांद्याला मेगरची पेटी, वर छत्री. चेंबरपाशी गेले. वाकले असते तर सगळं चिखलात. झाकण जड. आणि भरली ओटी खाली ठेवायची नसते, मला लहानपणापासून तेच सांगितलेलं.
"झालंय ना हे?" असं उभ्यानंच विचारलं.
"चाचांचं काम हाय मॅडम," सचिव म्हणाले.

पुरुष अधिकाऱ्याची कुणी ओटी भरली नसती. पण दोष ओटीवर कशाला ढकलू. पेटी आक्कांच्या हातात देता आली असती. नारळ गाडीत ठेवून परत येता आलं असतं. पाच मिनिटांचं काम.
५.१० ची गाडी होती.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
आंबेखोरी.

पोरी शाळेत. इमारत शांत, ओल्या कपड्यांचा वास. लोखंडी कॉट, लोखंडी कपाटं, भिंतींना ओल. कूलरची वायर काढलेली होती, बरं वाटलं. मीटर लावून बघितलं. गळती थोडी आहे. धक्का बसला तर वीज तोडणारं यंत्र बोर्डात आहे, पण एवढ्या गळतीला ते पडत नाही. यंत्र आहे तोवर ठीक, पण यंत्रंही बिघडतात. म्हणून तर जमिनीत वाट करून द्यायची असते.

शेवंताआक्का निवडायला मेथी घेऊन पायरीवर बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "आक्का, हा खड्डा २९ जुलैला काढला ना?"
"कवा?"
"२९ जुलै. मंगळवारी."
आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परमुलखातली आहे. "आवं मॅडम, त्या दिशी पंचमी हुती. आमच्या ह्या भागात पंचमीला कोन जमिनीला कुदळ लावंल? आमी भाजी सुदीक चिरत न्हाई त्या दिशी. तवा तर आख्ख्या आठवड्यात मानूस मिळंना. चाचा येऊन बसून गेलं दोनदा."
"मग खड्डा कधी काढला?"
"कुटला खड्डा?"

झाकण आम्ही दोघींनी मिळून सरकवलं. चेंबर सुबक. विटांचं, आतून गिलावा केलेलं. आत अर्थिंगच्या पट्टीचं टोक वेटोळं करून ठेवलेलं, थोडी वाळू, एक गोगलगाय. खाली काही नाही. पहार घालून बघितली, अखंड मुरूम.

दोन जिल्ह्यांत मिळून शेकडो रिपोर्ट तपासले असतील मी. नागपंचमीला खड्डा काढल्याची नोंद करणारा एकही ठेकेदार भेटला नाही. ती करणारी मीच निघाले. माहेर वाळव्याचं, लहानपणी पंचमीला झोके घेतलेत, आणि कॅलेंडर बघायचं सुचलं नाही.

आक्का म्हणाल्या, "तोंड कशापायी उतरवलंय? खड्डाच हाय न्हवं, काढू की." आणि मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. 

शनिवार, २३ ऑगस्ट
पलूस. चाचांकडे.

डोळ्याला हिरवी पट्टी. मिरजेला ऑपरेशन झालं, आठवडा झाला. मला फोनही केला नाही. डिप्लोमा करून आले तेव्हा अर्थ टेस्टरच्या खुंट्या कशा ठोकायच्या ते ह्या माणसानं शिकवलं. तेव्हा ऑफिसातले लोक मला बाईमाणूस म्हणून टेबलापाशी बसवून ठेवायचे.

चाचींनी चहा दिला. मी विषय काढला. चाचा अंदाजानं चहा बशीत ओतू लागले. एका डोळ्यानं.
"चेंबर बांधून घेतलं. पट्टी आनली. खड्ड्याला मानूस मिळंना. सचिव रोज फोन करायचं. पाव्हणे येनार, पत्रिका छापल्या, चाचा सही टाका. आता त्यास्नी न्हाई कसं म्हनायचं? त्यांच्या वडलांपासनं काम करतोय मी तिथं."
"म्हणून सही केली?"
"सही केली. रकाने न्हाई भरले." मग माझ्याकडं वळले. "पोरी, मुद्दाम रिकामं सोडलं मी. म्हटलं, तू येशील, मोजशील, नापास करशील. तू कुनाचं ऐकत न्हाईस. मग संस्था आपोआप थांबंल, आन माझ्यावर बी कुनाचा राग न्हाई."


"मला वाटलं चाचा विसरले," म्हटलं. "डोळ्यामुळं."
"आन तू भरलंस?"
"भरलं."
ते हसले. मग हसू थांबलं. "म्हंजे मी तुझ्या भरवशावर, आन तू माझ्या. लय शानी दोघं बी."
चाची म्हणाल्या, "आन त्या पोरी कुनाच्या भरवशावर?"
 चहा गार झाला होता, तरी प्यायले.

निघताना चाचा दारापर्यंत आले. गणपतीला पोरी घरी जातात, तेवढ्यात खड्डा काढून देतो म्हणाले. पट्टी डोळ्यावर असली तरी येतो म्हणाले. चाची आतून ओरडल्या, "येतो म्हनं! वाकायचं न्हाई सांगितलंय डागदरनं!"

सोमवार, २५ ऑगस्ट
साहेबांना सांगितलं. सगळं. रकान्यांचंसुद्धा.

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही हे मला सांगितलेलं नाही. सुट्टीत खड्डा काढून घ्या. कागद बरोबरच आहे, आता जमीन त्याप्रमाणं करून घ्या."
"आणि माप २.१ नाही आलं तर?"
"येईल हो. पावसाळा आहे, जमीन ओली आहे."
"साहेब, ती नोंद माझ्या अक्षरात आहे."
"मग तर तुम्हालाच जास्त काळजी पाहिजे," ते म्हणाले. वाईट माणूस नाही. मागच्या वर्षी सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा दोनदा आला होता.

खरी गोष्ट अशी की मलाही हेच हवंय. खड्डा निघावा, माप यावं, फाइल बंद व्हावी. मुली सुरक्षित, चाचांचं लायसन्स सुरक्षित, माझी नोकरी. कुणाचं काय बिघडलं? दिवसभर स्वतःला हे समजावत होते. जेवताना, गाडीत, भांडी घासताना.
दुसरं असं की मी खरं लिहून दिलं तर इमारतीची परवानगी जाते. जुनी इमारत राहण्यासारखी नाही. मुली घरी जातील. कमलताई म्हणाल्या होत्या, वाड्या-वस्त्यांवरच्या आहेत, एकदा घरी बसल्या की निम्म्या परत येत नाहीत. सातवी-आठवीच्या.
म्हणजे माझ्या खरेपणाची शिक्षा त्यांना.
हे मी त्यांच्यासाठी म्हणतेय की स्वतःसाठी, ते आज नीट कळत नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट
हरतालिका. उपास. सई साताऱ्याहून आली. अकरावीला तिथं वसतिगृहात राहते. आल्या आल्या, "आई, तुझं तोंड बघ कसं झालंय. बाबा, हिला काय केलंत?" हे म्हणाले, "मी फौजेत होतो तेव्हा पाकिस्तानलाही काही केलं नाही, तुझ्या आईला काय करणार?"

तिला जेवायला वाढताना विचारलं, तुमच्याकडं पाण्याच्या कूलरला मुंग्या येतात का गं?
"नाही. गिझरच्या नळाला येतात कधीकधी. आम्ही ओढणी धरून उघडतो."
डाव हातातच. किती सहज म्हणाली. "कधीपासून? रेक्टरना सांगितलंस?"
"अगं सगळ्यांनाच येतात! तू पण ना. सगळीकडं तुझं ऑफिस."
हे म्हणाले, "तिथली तपासणी कोणी केली असेल?"
कुणीतरी केली असेल. फॉर्मवर माप असेल. कुणीतरी घाईत असेल, किंवा कुणाला तरी कुणाची दया आली असेल.
रेक्टरना फोन लावला. सुट्टी लागली, उचलला नाही. परत लावणार.

बुधवार, २७ ऑगस्ट
गणपती बसले. दिवसभर मोदक, आरत्या, पाहुणे. हात कामात, मन आंबेखोरीत.

शनिवार, ३० ऑगस्ट
खड्डा.

चाचा खरंच आले, काळा चष्मा लावून. चाचींची शपथ मोडून. सचिवांनी दोन माणसं दिली. वाकायचं नाही म्हणून चाचांना खुर्चीवर बसवलं, तिथून हुकूम. "आरं गड्या, खड्डा काढतुयास का बाळुतं धुतुयास? पहार मार!" चार फुटांवर काळा दगड लागला. दुपारपर्यंत कसाबसा सहा. प्लेट, कोळसा, मीठ, पाणी. आक्का घागरी आणून ओततायत.

खुंट्या मी ठोकल्या. टेस्टर फिरवला.
११.
पाचाच्या आत हवं.
सचिव म्हणाले, "अजून पानी वता की."
चाचा म्हणाले, "पानी वतून आज येईल. मग उन्हाळ्यात वतायला कोन येनार, तुमी?"
दहा फुटांवर दुसरा खड्डा. उद्या गौरी येणार, माणसं चार वाजता गेली. अर्धाच झाला.

गाडीपर्यंत सचिव पोचवायला आले. "मॅडम, रागावू नका, पण तुमच्या कागदावर तर दोन आलंय."
"हो."
"मग आमी काय लबाडी केली?"
खरंच आहे. त्यांच्याकडं माझं अक्षर आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर
गौरी-गणपती पोचवले. दुपारून आंबेखोरी. दुसरा खड्डा पुरा झाला होता. दोन्ही जोडून माप: ५.४.
हे पावसाळ्यातलं. एप्रिलमध्ये किती होईल ते चाचांनाही माहीत, मलाही.
सचिव म्हणाले, "आता आनी काय? चार दशांशानं काय कुनी मरतंय?"
चाचांनी ओढ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तिसरा घ्यायचा. ओढ्याच्या अंगाला. तिथं माती हाय. उद्या काढून ठेवतो, परवा येऊन मोज. पर ह्या बारीला सही मी न्हाई करनार पोरी. तू मोजल्याबिगर न्हाई."
मुली परवा येणार. गुरुवारी, दुपारी. एसटीनं, वडापच्या जीपनं, कुणी बापाच्या मोटारसायकलवर.

बुधवार, ३ सप्टेंबर
सकाळी पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पहिल्या खेपेला चाचांचं नाव होतं, मग काढलं. मग काढलं म्हणून खोटं झालं, परत घातलं, एवढंच की त्यांनी रकाने कोरे ठेवले होते. दुसऱ्या खेपेला ओटीचं लिहिलं होतं. ते वाचून स्वतःचीच लाज वाटली. काढलं.
शेवटी सात ओळी. तारीख व माप मी न मोजता भरले. प्रत्यक्ष खड्डा नव्हता. कालचं माप ५.४. माझी मान्यता मी मागे घेत आहे. तिसरा पिट होईपर्यंत कूलर, गिझर, वॉशिंग मशीन बंद ठेवून मुलींना राहू द्यावं, अशी विनंती.
शेवटचं वाक्य नियमात बसत नाही. ठेवलं.

ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचा म्हणाले. मग एवढंच, "टपाल आवकमध्ये दे. साहेबाच्या हातात देऊ नकोस. हातात दिलेलं हरवतं."
आवकच्या बाई गणपतीच्या प्रसादाची पुडी सोडत होत्या. शिक्का मारला, क्रमांक टाकला, आणि पुडी पुढं केली. "घ्या, तुमचा उपास नाही ना आज?"
साहेब सांगलीला बैठकीत.

सईच्या रेक्टरांचा फोन लागला. त्या म्हणाल्या, गिझरचं बघायला माणूस सांगते. म्हटलं, माणूस नको, परवानगीचा कागद बघायचाय. त्यांचा सूर बदलला. मग, "तुम्ही कोण म्हणालात?"

गुरुवार, ४ सप्टेंबर
कराड स्टँड. बाकावर बसून लिहितेय. वही गुडघ्यावर, अक्षर हलतंय.

आठला साहेबांचा फोन. आवाज नेहमीसारखा. "बाई, आवकमध्ये माझ्या नावानं काहीतरी आलंय म्हणतात. मी अजून वाचलेलं नाही. मला अकराला ऑफिसात पोचायचंय. अकरापर्यंत तुम्ही येऊन घेऊन गेलात तर ते आलंच नव्हतं. शिक्क्याचं मी बघतो." मी हूं म्हटलं. ते म्हणाले, "घाई करू नका. घरच्यांशी बोला. दोन वर्षांत प्रमोशन आहे तुमचं."
आणि मग, फोन ठेवता ठेवता, "वाचल्यावर मात्र मला वाचल्यासारखंच वागावं लागेल."

चौकशी लागेल. कदाचित निलंबन. चाचांचं लायसन्स. आणि इमारतीला कुलूप लागलं तर? मुली आज दुपारी पेट्या घेऊन दारात उभ्या राहतील. शेवटच्या ओळीतली विनंती साहेब मान्य करतील की नियमानं जातील, मला खरंच माहीत नाही. कमलताईंना सकाळी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर पोरींना घरीच थांबवलं असतं." मग म्हणाल्या, "न्हाई, बरं झालं न्हाई सांगितलं. येऊ देत. आल्या तर हिथं हाईत, समोर." त्यांनाही काय वाटावं ते कळत नव्हतं.

चाचांचा फोन. ओढ्याच्या अंगाला सात फूट गेला, माती लागली, काळी. "लवकर ये. पोरी यायच्या आत मोजू."

९.३५. दोन गाड्या लागल्यात. तालुक्याची तीन नंबरला, आंबेखोरीवरून जाणारी शिराळ्याची सातला. तालुक्याच्या गाडीनं गेले तर साडेदहाला ऑफिस.
टेस्टरची पेटी मांडीवर आहे. तिच्या वजनानं पाय बधिर झालाय.

९.५०. शिराळ्याच्या गाडीत. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं पेटीकडं बघून विचारलं, "मॅडम, काय बाँब-बिंब हाय का काय?" सगळे हसले. आंबेखोरी फाटा, एक, म्हटलं.
अकरा इथंच वाजतील, गाडीत.